अमेरिकेतील घराचा डीड : काउंटी कार्यालयात शोधायचा कसा, नोंदवायचा कसा

उंबरठा (धागाकर्ता)

घर घेताना एस्क्रो कंपनी (व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे आणि कागद सांभाळणारी) किंवा वकील सगळं उरकतो, त्यामुळे डीड, म्हणजे घराची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे देणारा दस्त, हा कागद बहुतेकांच्या हातात खूप उशिरा येतो. घर ट्रस्टमध्ये घालायचं असतं, जोडीदाराचं नाव चढवायचं असतं, कोणी वारल्यावर नाव कमी करायचं असतं, किंवा रिफायनान्सच्या वेळी टायटल कंपनी (मालकी तपासून तिचा विमा देणारी) काहीतरी विचारते, तेव्हा तो लागतो. ही माहिती इथल्या वेगवेगळ्या धाग्यांत विखुरली आहे. ती एका जागी यावी म्हणून हा धागा. आपापल्या राज्याची भर घाला, पण खात्री असेल तेच लिहा.

महाराष्ट्रातल्या दस्तनोंदणीची सवय असलेल्यांनी एक फरक आधी समजून घ्यावा. दुय्यम निबंधकासमोर देणारा, घेणारा आणि साक्षीदार हजर राहतात, फोटो आणि अंगठे होतात. इथे यातलं काही नाही. देणारा नोटरीसमोर सही करतो, घेणाऱ्याची सही बहुतेक ठिकाणी लागतही नाही. कागद काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कार्यालयात गेला की कारकून कागदाचा आकार, नोटरीचा दाखला, फी आणि सोबतचे फॉर्म बघतो, दस्त क्रमांक टाकतो, स्कॅन करतो आणि मूळ कागद परत पाठवतो. देणाऱ्याकडे ते घर होतं का, जमिनीचं वर्णन बरोबर आहे का, नाव पूर्ण आहे का, हे तपासणं त्याचं काम नाही. म्हणजे नोंद झाली याचा अर्थ डीड बरोबर आहे असा होत नाही. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात.

दुसरा फरक मुदतीचा. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे भारतात दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणीसाठी द्यावा लागतो. इथे न नोंदवलेला डीडही देणाऱ्या-घेणाऱ्यांमध्ये वैध असतो. नोंदणी असते ती जगाला कळवण्यासाठी. न नोंदवता कपाटात ठेवला आणि त्याच माणसाने तेच घर दुसऱ्याला विकलं, आणि त्या दुसऱ्याने काही माहीत नसताना पैसे देऊन आधी नोंद केली, तर कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारख्या राज्यांत तो दुसरा जिंकतो. म्हणून सही झाली की त्याच आठवड्यात नोंदवा.

कार्यालय कोणतं, ते राज्यावर अवलंबून. कॅलिफोर्नियात काउंटी रेकॉर्डर, टेक्ससमध्ये काउंटी क्लर्क. न्यू जर्सीत काउंटी क्लर्क, पण एसेक्स आणि हडसन काउंटीत वेगळं रजिस्टर कार्यालय आहे. इलिनॉयच्या कुक काउंटीत पूर्वी रेकॉर्डर ऑफ डीड्स होतं, ते डिसेंबर २०२०मध्ये काउंटी क्लर्कमध्ये विलीन झालं. जॉर्जियात सुपीरियर कोर्टाचा क्लर्क, व्हर्जिनियात सर्किट कोर्टाचा. मॅसॅच्युसेट्समध्ये रजिस्ट्री ऑफ डीड्स, आणि मिडलसेक्स काउंटीत त्या दोन आहेत : दक्षिणेची केंब्रिजला, उत्तरेची लोवेलला. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड आणि व्हर्मॉंटमध्ये तर काउंटीत जाऊच नका, डीड टाउन हॉलमध्ये नोंदतात.

शोध कसा घ्यायचा :

रेकॉर्डरचा इंडेक्स बहुतेक ठिकाणी पत्त्यावरून चालत नाही, नावावरून चालतो. त्यामुळे आधी असेसरच्या (मालमत्ता करासाठी मूल्यांकन करणाऱ्या कार्यालयाच्या) संकेतस्थळावर पत्ता टाकून पार्सल क्रमांक (भूखंडाचा क्रमांक) आणि मालकाचं नाव काढा. बऱ्याच काउंट्यांत असेसर शेवटच्या डीडचा क्रमांक आणि तारीखही दाखवतो. तो मिळाला तर निम्मं काम झालं. मग रेकॉर्डरच्या इंडेक्समध्ये मालकाचं नाव ग्रँटी, म्हणजे घेणारा, या रकान्यात शोधा. सापडलेल्या डीडवरचा ग्रँटर, म्हणजे देणारा, घ्या, त्याला पुन्हा ग्रँटी रकान्यात शोधा. अशी साखळी मागे मागे जाते. त्यानंतर उलट दिशेने : प्रत्येक मालकाचं नाव ग्रँटर रकान्यात, त्याने घर घेतलं त्या तारखेपासून पुढे शोधा. कर्जं, लीन (घरावरचा थकबाकीचा बोजा), ईझमेंट (दुसऱ्याचा जागा वापरण्याचा हक्क) आणि कोणाला अर्धा हिस्सा दिला असेल तर तो, हे सगळं इथे दिसतं. नुसतं मागे जाणाऱ्यांच्या हातून नेमकं हेच सुटतं.

जुन्या नोंदींना दस्त क्रमांक नसतो, पुस्तक आणि पान असतं. मेरीलँड-न्यू यॉर्ककडे पुस्तकाला लायबर म्हणतात. संगणकीकरणाआधीच्या नोंदी मायक्रोफिल्मवर, कार्यालयात जाऊनच बघाव्या लागतात.

---

तळटीप

चांगला धागा. शोधाच्या बाबतीत आपल्या नावांचा प्रश्न मोठा आहे, तो सविस्तर लिहिते.

इंडेक्समध्ये नाव जसं कागदावर टंकलं तसं चढतं. आपल्याकडे पासपोर्टवर कधी ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, कधी आडनावाचा रकाना रिकामा असतो, कधी लग्नानंतर पतीचं नाव मधे आलेलं असतं. एकाच व्यक्तीचं घर-डीडवर ‘सुहासिनी जोशी’, कर्जावर ‘सुहासिनी विनायक जोशी’ आणि ग्रीन कार्डवर माहेरचं आडनाव, असं सर्रास होतं. काही ठिकाणी कारकुनाने वडिलांचं नावच आडनाव म्हणून चढवलेलं असतं.

त्यामुळे शोधताना :

आडनाव पूर्ण आणि पहिल्या नावाची दोन-तीनच अक्षरं टाका, तारखेची मर्यादा घाला. मग ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’, ‘आय’च्या जागी दोन ‘ई’, ‘टी’च्या जागी ‘टीएच’ असे पर्याय बघा. आडनाव आणि पहिलं नाव यांची अदलाबदल करून बघा. मधलं नाव आडनाव समजून बघा. जोडीदाराचं नावही स्वतंत्र शोधा, कारण दोघांची नोंद वेगवेगळ्या ओळींत असते आणि एकाचं नाव चुकलं तरी दुसऱ्याचं बहुधा बरोबर असतं.

आता नोंदवण्याची बाजू. नवीन डीडवर देणाऱ्याचं नाव मागच्या डीडवर जसं आहे अगदी तसंच लिहायचं, टिंबासकट. मधल्या काळात नाव बदललं असेल तर आजचं नाव, पुढे स्वल्पविराम, ‘हू अक्वायर्ड टायटल ॲज’ आणि मग जुनं नाव, असं लिहायचं. यामुळे इंडेक्समध्ये दोन्ही नावं चढतात आणि साखळी तुटत नाही. सही मात्र आजच्या ओळखपत्राप्रमाणे, कारण नोटरी ओळखपत्राबाहेरचं नाव मान्य करणार नाही.

नवीन नाव लिहून जुन्याचा उल्लेख गाळला तरी रेकॉर्डर डीड घेईल. अडचण विकताना येते : टायटल कंपनीच्या लेखी जुन्या नावाच्या व्यक्तीने घर दिलेलंच नसतं. मग प्रतिज्ञापत्र, विवाह प्रमाणपत्र, कधी पुन्हा डीड. आणि ती व्यक्ती तोवर वारली असेल तर गोष्ट कोर्टात जाते.

---

रानवारा

कॅलिफोर्नियात स्वतःचं घर स्वतःच्या रिव्होकेबल (हयातीत बदलता किंवा रद्द करता येणाऱ्या) ट्रस्टमध्ये घालताना वकिलाशिवाय नेमकं काय काय लागतं? ट्रस्टचा कागद तयार आहे, फक्त डीड बाकी आहे, अशा स्थितीत.

---

शिवार

@रानवारा, क्रमाने सांगतो.

१. सध्याच्या डीडची प्रत काढा. मालकी कोणत्या शब्दांत आहे ते वाचा : जॉइंट टेनंट्स (एक वारला की त्याचा हिस्सा आपोआप दुसऱ्याकडे), कम्युनिटी प्रॉपर्टी (पतीपत्नींची सामाईक मालमत्ता), की ती वारसा हक्कासह. दोघांची नावं असतील तर दोघांच्या सह्या.

२. डीडचा प्रकार. ट्रस्टसाठी ग्रँट डीड किंवा खास ट्रस्ट ट्रान्सफर डीड वापरा. क्विटक्लेम स्वस्त आणि सोपा म्हणून सर्रास सुचवला जातो, पण त्यात देणारा ‘माझं जे काही असेल ते दिलं’ एवढंच म्हणतो, कसलीही हमी देत नाही. जुनी टायटल विमा पॉलिसी असेल तर ट्रस्टमध्ये गेल्यावर ती चालू राहते का, हे सही करण्याआधी कंपनीला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. पॉलिसीच्या आवृत्तीप्रमाणे उत्तर बदलतं.

३. घेणारा म्हणून ट्रस्टचं नाव नुसतं लिहू नका. ट्रस्टी म्हणून व्यक्तींची नावं, ट्रस्टचं पूर्ण नाव आणि ट्रस्टची तारीख, असं लिहायचं. मालमत्ता ट्रस्टीच्या नावे असते.

४. कायदेशीर वर्णन मागच्या डीडवरून अक्षरशः उतरवा. लॉट, ट्रॅक्ट, नकाशाचं पुस्तक आणि पान. पार्सल क्रमांक हे वर्णन नाही, पत्ताही नाही. ते सोबत लिहायचे, वर्णनाऐवजी नाही. टाउनहाउस आणि काँडोचं वर्णन दोन-तीन पानांचं असतं : युनिट, सामाईक जागेतला अविभक्त हिस्सा, पार्किंग, जाण्यायेण्याचा हक्क. बहुतेक घोटाळे इथेच होतात. लोक पहिला परिच्छेद उतरवतात आणि सामाईक हिस्सा राहून जातो. ‘एक्झिबिट ए’ म्हणून जुन्या वर्णनाची स्वच्छ छायाप्रत जोडणं उत्तम. पुन्हा टंकण्यात एक आकडा चुकला की शेजारच्याचा लॉट दिला जातो.

५. पानाची मांडणी. कागद साडेआठ बाय अकरा इंच. पहिल्या पानाच्या वरचे अडीच इंच राखीव : डावीकडे साडेतीन इंच रुंदीत ‘कोणाच्या विनंतीवरून’ आणि परत पाठवायचा पत्ता, उजवीकडचे पाच इंच रेकॉर्डरच्या शिक्क्यासाठी पूर्ण कोरे. दोन्ही बाजूंना किमान अर्धा इंच समास. शिक्का, सही, आद्याक्षरं यातलं काहीही समासात गेलं तर जादा फी किंवा परत. नोटरीचा शिक्का मजकुरावर उमटला तर स्कॅनमध्ये वाचता येत नाही आणि कागद परत येतो. नोटरीला स्वतंत्र जागा सोडून द्या.

६. हस्तांतरण कराचं विधान. काउंटीचा डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्स दर हजार डॉलरला १.१० डॉलर, शिवाय काही शहरांचा वेगळा. मोबदला न घेता स्वतःच्या ट्रस्टमध्ये घालताना तो शून्य असतो, पण ‘शून्य’ एवढं लिहून भागत नाही, कारण लिहावं लागतं : महसूल आणि कर संहितेचं कलम ११९३०, रिव्होकेबल ट्रस्टमध्ये विनामोबदला हस्तांतरण. हे डीडच्या दर्शनी पानावर.

७. घरबांधणी निधीची ७५ डॉलर फी. १ जानेवारी २०१८पासून ही प्रत्येक दस्तावर आहे, एका व्यवहारात एका पार्सलमागे जास्तीत जास्त २२५ डॉलर. राहतं घर राहणाऱ्याच्याच नावे होत असेल तर माफ, पण सरकारी संहितेच्या कलम २७३८८.१ चा हवाला देऊन माफीचं कारण पहिल्या पानावर किंवा कव्हर शीटवर लिहिलं तरच. न लिहिल्यास फी घेतली जाते. भाड्याने दिलेल्या घराला ही माफी नाही.

८. पीकॉर, म्हणजे प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट. डीडसोबत जोडायचा फॉर्म. तो असेसरकडे जातो, सार्वजनिक नोंदीत येत नाही. नसला तर २० डॉलर जादा आणि मागून असेसरची प्रश्नावली येते. पीकॉरमधला रिव्होकेबल ट्रस्टचा रकाना ‘हो’ करायचा. चुकून रिकामा सोडला तर असेसर हे मालकीबदल समजून घराचं नव्याने मूल्यांकन करू शकतो, आणि १९७८च्या प्रॉपोझिशन १३ मुळे (मूल्यांकनाच्या वाढीवर मर्यादा घालणारा कॅलिफोर्नियाचा नियम) दाबून राहिलेला कर एकदम उसळतो. दुरुस्ती होते, पण आधी ते बिल येतं.

९. कर्ज बाकी असेल तरी काळजी नको. १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याप्रमाणे राहतं घर, कर्जदारच लाभार्थी असलेल्या ट्रस्टमध्ये गेलं तर बँक पूर्ण कर्ज मागू शकत नाही. एलएलसीमध्ये (मर्यादित दायित्वाच्या कंपनीत) घालताना हे संरक्षण नाही, म्हणून ते बँकेला विचारल्याशिवाय करू नका.

१०. नोंद होऊन आली की घरविमा कंपनीला कळवा, ट्रस्टीचं नाव पॉलिसीवर चढवा. हा टप्पा फार जण विसरतात, आणि विसरल्याचं दावा करतानाच कळतं.

---

उंबरठा

@शिवार, फार उपयोगी. एक भर : मुलांना घर द्यायचा विचार असेल तर ट्रस्ट आणि थेट डीड यांत कराचा फरक आहे. प्रॉपोझिशन १९ मुळे १६ फेब्रुवारी २०२१पासून आईवडिलांचा जुना मूल्यांकनाचा आकडा मुलांना तेव्हाच मिळतो, जेव्हा ते आईवडिलांचं राहतं घर असतं आणि मूलही तिथे राहायला येतं, आणि त्यालाही मर्यादा आहे. भाड्याच्या घराला तो लाभ आता नाही. शिवाय हयातीत बक्षीस दिलं तर भांडवली नफ्यासाठी आईवडिलांची मूळ खरेदी किंमत मुलाच्या गळ्यात पडते. मृत्यूनंतर मिळालं तर त्या दिवसाची बाजारकिंमत धरतात. ‘एक डीड करून टाकू’ म्हणण्याआधी कर सल्लागाराशी बोला. डीड नोंदवायला वीस मिनिटं लागतात, उलटवायला समोरच्याची सही लागते.

---

खडीसाखर

पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या राज्यांबद्दल, जिथे कागद परत येतात ती कारणं.

न्यू जर्सी : विकणाऱ्याच्या निवासाचा जीआयटी/आरईपी फॉर्म सोबत नसेल तर क्लर्क डीड नोंदवतच नाही. पैसे न घेता कुटुंबात दिलं तरी कोणता तरी जीआयटी/आरईपी लागतोच, बहुधा तिसऱ्या क्रमांकाचा. रियल्टी ट्रान्सफर फीची सवलत मागायची तर मोबदल्याचं प्रतिज्ञापत्र. डीडवर मोबदल्याची रक्कम आणि तो कोणी तयार केला त्याचं नाव हवं.

न्यू यॉर्क शहर : मॅनहॅटन, ब्रॉन्क्स, ब्रुकलिन आणि क्वीन्सच्या १९६६पासूनच्या नोंदी अक्रिस या संकेतस्थळावर मोफत दिसतात, प्रतिमेसकट. पत्त्यावरून ब्लॉक आणि लॉट काढा, मग ब्लॉक-लॉटवरूनच शोधा. नावाच्या फंदात पडायची गरज नाही. स्टेटन आयलंड मात्र रिचमंड काउंटी क्लर्ककडे. नोंदवताना टीपी-५८४-एनवायसी आणि आरपी-५२१७एनवायसी हे फॉर्म लागतात.

टेक्सस : हस्तांतरण कर नाही, किंमतही डीडवर नसते. पण घेणाऱ्याचा टपालाचा पत्ता डीडवर नसेल तर दंडाची फी लागते. आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक खोडण्याच्या हक्काची सूचना डीडच्या वरच्या भागात ठळक मोठ्या अक्षरांत छापायची असते. नेटवरच्या दुसऱ्या राज्याच्या नमुन्यात ती नसते. असे नमुने वापरूच नका.

जॉर्जिया : नोटरीशिवाय आणखी एक साक्षीदार. पीटी-६१ फॉर्म ऑनलाइन भरून सोबत. १ जानेवारी १९९९पासूनचा सगळ्या काउंट्यांचा इंडेक्स एकाच राज्यस्तरीय संकेतस्थळावर आहे, वर्गणी भरून बघता येतो.

फ्लोरिडा : दोन साक्षीदार, आणि १ जानेवारी २०२४पासून साक्षीदारांचे पत्तेही. इथे कराचा एक सापळा आहे, तो समजून घ्या. घरावर कर्ज असताना कोणाला हिस्सा दिला तर त्या हिश्शाइतकं कर्ज हा मोबदला धरतात. समजा कर्ज ४ लाख डॉलर बाकी आहे आणि मोठ्या मुलाला निम्मा हिस्सा दिला, तर २ लाखांवर दर शंभराला ७० सेंट, म्हणजे १,४०० डॉलर मुद्रांक कर, एक पैसा हातात न पडता. राहत्या घरात पतीपत्नींमधल्या हस्तांतरणाला सवलत आहे, मुलांना नाही.

मॅसॅच्युसेट्स : शोधताना ‘रेकॉर्डेड’ आणि ‘रजिस्टर्ड’ या दोन वेगळ्या पद्धती आहेत हे लक्षात ठेवा. रजिस्टर्ड जमीन लँड कोर्टाच्या अखत्यारीत येते आणि तिला प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. एका बाजूला नोंद सापडली नाही तर दुसरी बघा.

---

रानवारा

सह-मालक आई किंवा वडील भारतात परत गेले असतील आणि प्रवास शक्य नसेल, तर सही कशी?

---

पैलतीर

तीन मार्ग आहेत. आधी काउंटीला आणि टायटल कंपनी मधे असेल तर तिलाही विचारून कोणता चालेल ते ठरवा.

पहिला, अमेरिकन दूतावास किंवा वाणिज्य दूतावास. मुंबईत तो वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. नोटरीसाठी आधी वेळ घ्यावी लागते, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. सही न करता कागद न्यायचा, पासपोर्ट न्यायचा, सही अधिकाऱ्यासमोर. हा दाखला सगळ्या राज्यांत चालतो, म्हणून मी हाच आधी सुचवते.

दुसरा, भारतीय नोटरी आणि त्यावर अपोस्टिल (परदेशात कागद मान्य व्हावा म्हणून सरकार देतं ते प्रमाणपत्र). भारत २००५पासून हेग अपोस्टिल करारात आहे. नोटरी, मग राज्य पातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. यात तीन गोष्टी बिघडतात. एक, आपले नोटरी सवयीने ‘माझ्यासमोर शपथ घेतली’ असा प्रतिज्ञापत्राचा शिक्का मारतात. डीडला लागतो तो ‘ही व्यक्ती समोर हजर झाली, ओळख पटली, आणि सही स्वतःची असल्याचं तिने मान्य केलं’ असा दाखला. त्याचा इंग्रजी मजकूर टंकून सोबत पाठवा आणि नोटरीला त्याखालीच सही-शिक्का करायला सांगा. दोन, मुद्रांक कागद. अमेरिकन काउंटीला त्याच्याशी कर्तव्य नाही, उलट त्यावरची छपाई रेकॉर्डरची राखीव जागा खाते. तीन, कागदाचा आकार. भारतात ए-४ मिळतो, तो अकरा इंचांपेक्षा लांब आणि साडेआठपेक्षा अरुंद. कॅलिफोर्नियात वेगळ्या आकाराला जादा फी पडते, काही काउंट्या परत करतात. इथूनच लेटर आकारावर छापून कुरियरने पाठवा, दोन जादा प्रती घालून.

तिसरा, ऑनलाइन नोटरी. बऱ्याच राज्यांत कायदेशीर आहे, व्हर्जिनियाने २०१२मध्ये सुरुवात केली. पण ओळख पटवायला सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि पतइतिहासावरून प्रश्न विचारतात. वर्षानुवर्षं भारतात असलेल्या ज्येष्ठांचा तो इतिहास नसतो आणि ते इथेच अडकतात.

मुखत्यारपत्राचा पर्यायही आहे. ते त्या घराचं कायदेशीर वर्णन घालून खास त्याच कामासाठी करा, वरच्यापैकी एका मार्गाने नोटराइज करा आणि डीडसोबत, डीडच्या आधीच्या क्रमांकाने, नोंदवा. सही ‘आईचं नाव, बाय मुलाचं नाव, तिचा मुखत्यार’ अशी. देणारी व्यक्ती वारली की मुखत्यारपत्र त्याच क्षणी संपतं. त्यानंतर केलेली सही निरुपयोगी.

---

तळटीप

@पैलतीर, मृत्यूचा विषय निघाला म्हणून. जॉइंट टेनन्सी किंवा वारसा हक्कासह कम्युनिटी प्रॉपर्टी असेल तर कॅलिफोर्नियात प्रोबेट (वारसा ठरवण्याची कोर्टाची प्रक्रिया) लागत नाही. मृत्यूचं प्रतिज्ञापत्र नोटराइज करून, मृत्यू दाखल्याची प्रमाणित प्रत आणि मूळ डीडचा दस्त क्रमांक घालून नोंदवायचं. सोबत असेसरसाठी मृत्यूनंतरच्या मालकीबदलाचं निवेदन, ते मृत्यूपासून १५० दिवसांत. मृत्यू भारतात झाला असेल आणि दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागेल. महानगरपालिकांचे दाखले बहुधा द्विभाषिक असतात, तोच मागा. आणि दाखल्यावरचं नाव डीडशी जुळतं का ते ताबडतोब बघा. पालिकेकडून दुरुस्ती तेव्हाच करून घेणं सोपं, वर्षाने नाही.

डीडवर टेनंट्स इन कॉमन (प्रत्येकाचा स्वतंत्र हिस्सा) असेल, तर तो हिस्सा आपोआप जात नाही. तिथे प्रोबेट किंवा राज्याच्या पर्यायी पद्धती.

ट्रस्ट करायचा नसेल तर ‘ट्रान्सफर ऑन डेथ’ डीड काही राज्यांत आहे. टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०१५पासून, कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१६पासून. कॅलिफोर्नियात तो नोटराइज झाल्यापासून ६० दिवसांत नोंदवला नाही तर रद्दबातल ठरतो, आणि २०२२पासून दोन साक्षीदारही हवेत. हयातीत कधीही मागे घेता येतो. पण कुटुंबात वादाची थोडीही शक्यता असेल तर मी ट्रस्टच सुचवेन.

---

शिवार

नोंदवायला द्यायचे मार्ग : खिडकीवर, टपालाने, किंवा इ-रेकॉर्डिंगने. खिडकीवर गेलात तर चूक जागेवर कळते, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने शक्यतो स्वतः जावं. दस्त घेण्याची वेळ कार्यालय बंद होण्याच्या बरीच आधी संपते, ती आधी बघून जा. टपालाने पाठवताना स्वतःचा पत्ता लिहिलेलं तिकीट लावलेलं पाकीट घाला. फीचा अंदाज नसेल तर काही काउंट्या ‘अमुक रकमेपेक्षा जास्त नाही’ असं लिहिलेला चेक घेतात, कारण एक डॉलर कमी पडला तरी अख्खा गठ्ठा परत येतो. इ-रेकॉर्डिंग खासगी सेवांमार्फत चालतं, काही सेवा एका दस्तासाठीही व्यक्तींना घेतात.

क्रमांक आणि वेळ पडते ती स्वीकारल्याची, टपालात टाकल्याची नाही. दोन दस्त एकत्र असतील तर कोणता आधी नोंदवायचा हे वर चिठ्ठीवर स्पष्ट लिहा.

---

रानवारा

आणि नोंद झाल्यावर चूक लक्षात आली तर? नोंद काढून टाकता येते का?

---

उंबरठा

नाही. नोंदीतून काहीच काढलं जात नाही, फक्त भर पडते. लॉटचा आकडा, नावाचं स्पेलिंग, गळलेलं पान अशा चुकांसाठी दुरुस्ती डीड करतात : देणाऱ्याची पुन्हा सही, पुन्हा नोटरी, आणि पहिल्या पानावर ‘दस्त क्रमांक अमुक, तारीख तमुक, यातली ही चूक सुधारण्यासाठी’ असं कारण. जुन्या नोंदलेल्या कागदावर पेनने खाडाखोड करून तोच पुन्हा देऊ नका. किरकोळ चुकांसाठी काही राज्यांत फक्त प्रतिज्ञापत्र चालतं. चुकून भलत्याच माणसाला मालकी दिली असेल तर त्याने परत डीड करून द्यावा लागतो. तो नाही म्हणाला तर कोर्ट.

हे टाळण्यासाठी एक साधा नियम : कागद पाठवण्याआधी जुना डीड आणि नवा डीड शेजारी ठेवून दुसऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचायला लावा. ज्याने टंकलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

---

खडीसाखर

नवीन नोंद झाली की दोनेक आठवड्यांत सरकारी वाटणारी पत्रं येतात : तुमच्या डीडची प्रमाणित प्रत हवी, शंभरेक डॉलर पाठवा, अमुक तारखेच्या आत. ती काउंटीची नसतात. बारीक अक्षरांत ‘आम्ही सरकारी संस्था नाही’ असं लिहिलेलं असतं. तीच प्रत काउंटीत काही डॉलरला मिळते. ज्येष्ठ मंडळींना हे आधीच सांगून ठेवा, कारण ते पत्र बघून घाबरतात आणि चेक पाठवतात.

आणि बऱ्याच काउंट्यांत मोफत सूचना-सेवा आहे : आपल्या नावावर कोणताही दस्त नोंदला की इमेल येतो. सगळ्या स्पेलिंगांनी वेगवेगळी नोंदणी करा. भाड्याचं किंवा रिकामं, कर्ज फिटलेलं घर असेल तर हे आजच करा, बनावट डीड करणारे अशीच घरं हेरतात.

कर्ज फिटल्यावर बँकेने रिकन्व्हेयन्स किंवा सॅटिस्फॅक्शन (कर्ज फिटून घरावरचा बोजा उतरल्याचा दस्त) नोंदवलं का, तेही त्याच वेळी इंडेक्समध्ये बघून घ्या. बँक विलीन झाली की हे कागद राहून जातात.

---

रानवारा

सर्वांचे आभार. शेवटची शंका : मूळ डीड हरवला असेल तर विकताना अडेल का?

---

तळटीप

नाही अडणार. भारतात बँक मूळ खरेदीखत तारण ठेवते आणि ते हरवलं तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहिरात असं सगळं करावं लागतं. इथे काउंटीची नोंद हाच पुरावा असतो, मूळ कागद विकताना कोणी मागत नाही. वाचण्यापुरती साधी प्रत घ्या. कोर्टाच्या कामाला किंवा भारतातल्या एखाद्या कार्यालयाला दाखवायची असेल तर प्रमाणित प्रत मागा, आणि भारतासाठी असेल तर त्यावर त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचं अपोस्टिलही लागेल. अर्जात दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आणि पानांची संख्या लिहा. एक्झिबिटची पानं धरूनच संख्या द्या, नाहीतर वर्णनाशिवायची प्रत हातात येते.